सूनबाईंची थाळी

...आणि वर शेजारणी मलाच विचारतात, "सासूबाई, सून थाळ्या फेकते म्हणे? भांडण झालं की काय?" अहो, भांडण कसलं, चॅम्पियन आहे ती! थाळीफेक आणि गोळाफेक, दोन्हींत देशात पहिली! पण तुम्हाला सांगते, तिच्यासोबत एका घरात राहून बघा एकदा... सोफ्याखाली गोळा, दाराला अडसर म्हणून गोळा, माझी करंगळी ठेचली तीही गोळ्यावरच! मी काही बोलले नाही.

लग्न होऊन आली त्याच दिवशी म्हणते, "आई, कपाट कुठं सरकवू?" मला वाटलं, गंमत करतेय. वळून बघते तर कपाट हातात, आतल्या कपड्यांसकट! आमचे चिरंजीव काडीपैलवान, ते बाजूला उभे राहून "जपून हं, जपून" करतायत... कपाटाला की बायकोला, देव जाणे. मी काही बोलले नाही.

पदकं येत गेली, भिंतीला खिळे पुरेनात. मग नात झाली, आणि पाठोपाठ हिचा खांदा गेला. ऑपरेशन. डॉक्टर म्हणाले, "भरलेली बादलीसुद्धा उचलायची नाही." निवड समितीचे साहेब घरी आले, माझाच चहा पीत गोड आवाजात म्हणतात कसे, "पुष्कळ झालं बाई, आता मुलींना शिकवा." ते गेले, आणि ही भिंतीसारखी बाई भिंतीला टेकून रडायला लागली हो! कधी रडताना पाहिलीच नव्हती मी तिला... काय बोलणार? दाराचा गोळा उचलला... आई गं, केवढा जड! आणि नेऊन ठेवला तिच्या पुढ्यात. एवढंच.

मग काय विचारता! आधी रिकामी बाटली उचलायची, मग भरलेली, मग नात, मग नातीसकट खुर्ची!

आणि मग परतल्यावरची ती पहिली स्पर्धा! मी गेले होते, टोपी घालून! पहिल्या दोन फेकी बाद, थाळी सरळ जाळ्यात. मागच्या रांगेत तेच साहेब, "च्च च्च" करतायत. तिसऱ्यांदा ही वर्तुळात उभी राहिली, गिरकी घेतली... आणि थाळी सुटली ती गेली, गेली, अहो गेलीच! अंतर मोजणारे टेपवाले मागं धावत सुटले! सुवर्णपदक! साहेब वाकून म्हणाले, "अभिनंदन, सासूबाई." मी काही बोलले नाही... ओरडून ओरडून घसाच बसला होता!

परवा तिनं जाहीर केलं, "आई, गोळा बंद, थाळी बंद." म्हटलं, सुटले! संध्याकाळी बघते तर जिन्यातून आधी टोक आलं, बऱ्याच वेळानं सूनबाई आल्या. भाला! घरात आडवा मावेना, उभा राहीना. शेवटी टोक खिडकीतून बाहेर काढलंय...

असू दे. टॉवेल तरी वाळतात.