‘कट’ कोणी म्हणायचं?

मंडळी, आज एकच प्रश्न विचारतो. समोरचा माणूस खरंच कळवळतोय की सोंग करतोय — हे ओळखायचं कसं? बोला! अहो, बोला की! टाळ हातात दिले म्हणून तोंडाला कुलूप लावलंत होय?

बरं, राहू द्या. त्या खांबापाशी बघा — अनसूयावहिनी! अजून आख्यानाला हात घातला नाही, तोवर डोळ्यांना पदर! याला म्हणतात भाव! नाहीतर आमचे विणेकरी. उभ्याउभ्या डुलकी घेतात आणि विचारलं तर म्हणतात, ‘समाधी लागली!’ हसू नका, जागे होतील.

तर ऐका. या हिंदी सिनेमावाल्यांना अधूनमधून एक हुक्की येते. चोर-पोलीस झाले, सासू-सून झाली, की स्वतःवरच सिनेमा काढतात! सिनेमात सिनेमाचं शूटिंग! नटी पडद्यावर हसते आणि खोलीत जाऊन रडते. दिग्दर्शक गच्चीवर उभा राहून उदास सिगरेट ओढतो. सांगायचं काय असतं? ‘आमची ही दुनिया झगमगती, पण आतून फार निर्दय हो!’ आणि आपण दाणे खात-खात डोळे पुसतो.

अशाच एका सिनेमात आपल्या गावचा गेनू धुमाळ होता. हो हो, वरच्या आळीचा गेनू! पस्तीस वर्षं मुंबईत लाइटमन. दुसऱ्याच्या तोंडावर उजेड पाडायचा आणि आपण अंधारात उभं राहायचं, हे त्याचं काम. आणि त्याला दिग्दर्शक म्हणाला, ‘गेनूदादा, सिनेमात लाइटमनचं काम आहे, तुम्हीच करा.’ गेनू लाजला! पस्तीस वर्षांत पहिल्यांदा उजेड त्याच्या अंगावर पडणार होता.

आता प्रसंग नीट ध्यानात घ्या. सेटवर कॅमेरे दोन — एक खोटा, एक खरा. दिग्दर्शकही दोन! खोटा म्हणजे नट, सोंग घेतलेला. खरा म्हणजे समीर दीवान. प्रसंग असा, की शूटिंग चालू असताना लाइटमनच्या छातीत कळ येते, तो कोसळतो, आणि खोटा दिग्दर्शक म्हणतो, ‘चालू ठेवा! शॉट छान चाललाय!’ बघा केवढा निर्दय! प्रेक्षकांनी त्याला शिव्या घालायच्या, म्हणून लिहिलेला प्रसंग.

पण गेनूला पडता येईना! एकदा हळूच बसला. एकदा पडायच्या आधी खाली जागा पुसून घेतली! लोक हसून बेजार. दीवान वैतागला. ‘दादा, जरा जीव ओता!’

चौथी खेप. कॅमेरा सुरू. गेनूनं छातीवर हात नेला — आणि कोसळला! तोंड वेडंवाकडं, कपाळाला घाम, हाताची मूठ घट्ट! दोन शब्द बोलायचे होते, ‘कोई है?’ तेही बोलला नाही. दीवान पुटपुटला, ‘वा! क्या बात है!’ खोटा दिग्दर्शक म्हणाला, ‘चालू ठेवा!’ खऱ्यानंही हात वर केला, ‘चालू ठेवा!’

मंडळी, ती कळ खरी होती!

तुम्ही म्हणाल, मग गेनू ओरडला का नाही? अहो, कसा ओरडणार? पस्तीस वर्षांची सवय! शॉट चालू असताना खोकायचंसुद्धा नाही. ‘कट’ होईपर्यंत श्वास धरायचा. मरणाची कळ आली, तरी गडी ‘कट’ची वाट बघत पडला! आणि ‘कट’ म्हणायचा हक्क एकाच माणसाचा. दुसरं कोणी बोललं, तर उद्यापासून काम बंद.

कोपऱ्यात एक मुलगी बसली होती. नसीम मुलाणी, सोलापूरची. आवाज टिपायचं तिचं काम. डोळे मिटलेले, कानाला हेडफोन. सगळे बघत होते, ही एकटी ऐकत होती! गेनूच्या सदऱ्यात छोटा माइक लपवलेला. त्यातून तिला तुटका श्वास ऐकू आला. आणि अगदी दबून, दातांखाली — ‘आई… आई गं…’

पोरगी चमकली. हे तर संवादात नव्हतं! सिनेमा हिंदी, आणि हा ‘आई गं’ म्हणतोय! ओरडावं का? आणि सोंगच असलं तर? तिचा हा जेमतेम दुसरा सिनेमा. घरची मदार तिच्यावर. दीवानकडे पाहिलं — तो हसतोय. गेनूकडे पाहिलं — मूठ सैल पडतेय.

उठली आणि किंचाळली — ‘कट!’

सेट थिजला. दीवान लाल झाला. ‘किसने बोला?’ तिनं ऐकलंच नाही. धावली, गेनूचं डोकं मांडीवर घेतलं. ‘मामा, ओ मामा! गाडी आणा कुणीतरी!’

गेनू वाचला, मंडळी. डॉक्टर म्हणाले, थोडा उशीर झाला असता तर हाती लागला नसता. पण गाडीत शुद्धीवर आल्यावर पहिला शब्द काय बोलला? ‘पोरी, माझ्यामुळं शॉट खराब झाला का गं?’

दीवान दवाखान्यात येऊन ढसाढसा रडला. त्याला मी राक्षस म्हणणार नाही. राक्षस असता तर गोष्ट सोपी होती! त्यानं शॉट काढून टाकायचं ठरवलं. गेनूनंच हट्ट धरला — ‘ठेवा साहेब. एवढा एकच तर आहे माझा.’

सिनेमा तालुक्याला लागला. आपण सगळे गेलो होतो, आठवतंय? गेनू कोसळला तेव्हा शिट्ट्या कोणी मारल्या? टाळ्या कोणी वाजवल्या? मी वाजवल्या! गेनूच्या पाठीवर थाप मारून म्हणालो, ‘काय सोंग वठवलंस रे!’ तो पडद्याकडे बघत हळूच म्हणाला, ‘बुवा, ते सोंग नव्हतं.’ आणि सगळी हकीकत सांगितली.

तेव्हापासून माझं मन थाऱ्यावर नाही! जिथं बघावं तिथं वाटतं, हा हसणारा खरंच हसतोय का? घरातला म्हातारा ‘मला काही नको’ म्हणतो, सून ‘बरी आहे’ म्हणते — आणि आपण काय म्हणतो? चालू ठेवा! छान चाललंय!

आणि मी? मी मोठा शहाणा! मघाशी इथंच उभा राहून काय म्हणालो? ‘याला म्हणतात भाव!’ अहो, आख्यान सुरूही झालं नव्हतं! मग वहिनी कशासाठी रडत होत्या? अजून रडतायत. सबंध गोष्ट सांगून झाली, माझा घसा सुकला, आणि मी त्यांच्या पदराकडे बघून खूश होत होतो, की कीर्तन रंगलं!

मृदंग थांबवा. टाळ खाली ठेवा. आरती नंतर होईल, देव काही घाईत नाही.

कट!

अनसूयावहिनी, काय झालं? सांगा. आम्ही सगळे ऐकतोय.