सुपारी उतरणार

आमचं लग्न सुपारीने मोडलं होतं, ठाऊक आहे? रत्नागिरीच्या साप्ताहिकात मी आधी मृत्यूवार्ता लिहायचो, मग संपादकांनी बाजारभाव दिले. मुलगी बघायला गेलो, तर तिच्या वडिलांनी पहिलंच विचारलं, “यंदा सुपारी चढेल ना हो?” माळ्यावर पोती रचलेली.

म्हटलं, “उतरेल. आत्ताच विका.”

“मृत्यूवार्ताच लिहीत बसायचं होतंत! असल्या अभद्र तोंडाला मुलगी देत नाही!”

सुपारी खरोखरच उतरली. गृहस्थ आमच्या दारात हजर. मला वाटलं, भांडायला आले.

“मुलगी देतो. पण पुढचे भाव छापण्याआधी सासऱ्याच्या कानावर घालायचे.”

“ते जमायचं नाही. अंकातच वाचा.”

गृहस्थ जायला वळले. मग म्हणाले, “बरं, मग अंक तरी फुकट पाठवा, जावईबापू!”