वॉकीटॉकीवर घेतलेलं नाव

मोबाईल आमच्याकडे यायच्या आधीची गोष्ट. आम्ही गंगापूर रोडचे तीन फुलवाले, तिघांच्या तीन जीपा. पेठच्या डोंगरात वेगवेगळ्या वाटांनी चढायचं आणि वर भेटायचं, असं ठरलं. प्रत्येक जीपमध्ये बायको बरोबर आणि एक वॉकीटॉकी. कोणी अडकलं तर बटण दाबून नाव सांगायचं, बाकीचे त्या वाटेला धावतील.

माझीच जीप चढावर मागे घसरली. मागचं एक चाक दरीवर लटकलं. बायकोला वॉकीटॉकी देऊन उतरवलं. मी ब्रेक दाबून बसलो. पाय उचलला असता तर जीप माझ्यासकट खाली गेली असती.

ती बोलली, "जीप लटकलीय. लवकर या."

दुसऱ्या जीपमधून इस्माईलचा आवाज आला, "कोणाची, वहिनी?"

"आमच्या ह्यांची."

"ह्यांची म्हणजे कोणाची? कोणत्या वाटेला येऊ?"

"मी सुमन बोलतेय."

"कोण सुमन?"

इतक्या वर्षांची दोस्ती, पण त्याला ती फक्त वहिनी म्हणून माहीत.

मी आतून ओरडलो, "नाव घे माझं."

"आजवर कधी घेतलंय का मी?"

"आज घेतलं नाहीस, तर उद्या घेऊन उपयोग नाही."

तिने बटण दाबलं. इस्माईल मला ज्या नावाने हाक मारतो, तेच तिच्या तोंडून निघालं. "शंकऱ्या पडतोय. पळा."

दोन्ही जीपा आल्या, दोर बांधला, मला जीपसकट वर ओढलं. चहा पिताना इस्माईल म्हणाला, "वहिनी, परत एकदा नाव घ्या की."

ती पदर सावरत म्हणाली, "ह्यांना परत लटकवा, मग घेते."