जुळून गेलेल्या कडा

सोनोग्राफीसाठी बसलो होतो. मागच्या बाकावर नणंद-भावजय होत्या. नणंद प्रयोगशाळेत उंदरांच्या गर्भांचे पातळ काप काढते, हे मला दोन मिनिटांतच कळलं.

“वहिनी, नखं खाऊ नकोस.”

“आज बाळाचा ओठ दिसेल का गं?”

“छे! आज फक्त ठोके. ओठ पाचव्या महिन्यात.”

“तोवर मी वेडी होईन. तुझ्या दादासारखा फाटलेला असला तर?”

“ऐक. आधी चेहऱ्यावर दोन बाजूंना दोन जाडसर ठिपके उठतात. ते खोल जाऊन खळगे होतात. त्याच नाकपुड्या.”

“आणि ओठ?”

“खळग्यांच्या कडा फुगतात, मध्ये सरकतात, चिकटतात. नाक आणि वरचा ओठ असे एकत्रच घडतात. दादाची एक कड पोचलीच नाही.”

“आपल्या बाळाचं कधी होणार हे?”

“उंदराचं अकरा-बारा दिवसांत होतं. तुला नववा आठवडा लागलाय. झालंसुद्धा, वहिनी.”

“झालं? अगं, मी अजून रोज पोटावर हात ठेवून सांगते, जुळ रे बाबा, जुळ!”

“उशीर केलास. बहुतेक जुळलंच असेल.”

“आणि नसेल तर?”

“तर टाके. दादाला घातले तसेच, फक्त आणखी बारीक.”

“त्यांचे टाके मी कुठे पाहिलेत? लग्नाआधीपासून मिशी आहे.”

“वहिनी, तुझं नाव पुकारलं. चल.”

“थांब, एक फोन करते. अहो, बाकीचं घरी सांगते. आज येताना मिशी काढून या.”