दाजींचं स्टेरिंग

आमचं मूळ गाव आजऱ्याकडचं. वडील काजूच्या कारखान्यात बिया फोडायला जायचे, चिकानं हात कायमचं काळं झालेलं. मी सातवीतनं शाळा सोडली आन् कोल्हापुरात अक्काकडं आलो, अक्का म्हंजे माझी थोरली बहीण. दाजींची, म्हंजे तिच्या मालकांची, वडापची जीप हुती, कोल्हापूर ते पन्हाळा माणसं भरून न्यायची. दाजींनीच मला उचगावात एका गाड्यांच्या मिस्त्रीच्या हाताखाली घातलं, जेवाय-झोपाय अक्का-दाजींच्याच घरी. अक्का म्हणायची, ह्यो भाऊ न्हवं, माझं पयलं पोरगं हाय. मी जे काय झालो ते त्या दोघांच्या जीवावर, हे आधी ध्यानात घ्या.

नव्वदच्या पुढं सोताचं गॅरेज टाकलं. स्टेरिंगचं काम म्हटलं की संपत मिस्त्री, असं नाव झालं. आता कसं हाय पावणं, गिऱ्हाईक येतंय ते स्टेरिंगचा बॉक्स बदला म्हणतच येतंय. बॉक्स नंतर. आधी पुढच्या टायरात हवा बघायची, निम्मी बोंब तिथंच असती. मग पुढची चाकं जॅकवर उचलून स्टेरिंग फिरवायचं. अधांतरी हलकं लागलं तर दुखणं टायरात न्हायतर चाकांच्या अलाइनमेंटात, अधांतरीबी जड लागलं तर एकेक सांधा सोडवत बॉक्सापातूर वर जायचं. दसऱ्यानंतर तर रांग लागायची, खंडेनवमीच्या पूजेला लोक खालनं जोरात पाणी मारून गाडी धुत्यात, मातीसंगं ग्रीसबी जातंय, वर झेंडूचा हार आन् खाली सांधं कोरडं. मी हसायचो लोकांना, आन् त्यातच मी फसलो.

एका दसऱ्यानंतर दाजी आलते. म्हणले, संपत, स्टेरिंग जड झालंय, डावीकडं वळताना अडतंय आन् एकदम झटक्यानं सुटतंय. मी म्हटलं, धुतलीसा न्हवं गाडी, ग्रीस गेलं असंल. बघितलं न्हाय काय न्हाय, ग्रीस मारलं आन् लावून दिलं. पंधरा दिसांनी परत तेच. मग सगळं बघितलं, हवा बरोबर, जॅकवर एका हातानं गरागरा फिरतंय, बॉक्सात तेल हाय, सांधं ठीक. मी सोता चालवली, हलकी. दाजी म्हणले, सपाटीला काय कळतंय, पन्हाळ्याला चल की माझ्यासंगं.

गेलो. मागं बारा माणसं, दाजी चालवाय, मी शेजारी. माझं ध्यान सगळं चाकाच्या आवाजाकडं. चढाला लागल्यावर एका डाव्या वळणाला नजर त्यांच्या हातावर गेली. डावा हात स्टेरिंगवर हुता, पर त्यो ओढतच न्हवता, नुसता ठेवलेला. मग उजवा जोर लावायचा आन् झटका बसायचा. एका बाजूला दरी. मी हळूच म्हटलं, दाजी, गाडी कडंला घ्या. घेतली. म्हटलं, डाव्या हातानं माझा हात दाबा. त्यांनी दाबला, लेकरानं धरल्यागत. त्यांचं त्यांनाच ठावं न्हवतं, म्हयनाभर ते गाडीलाच दोष देत हुते.

तिथनं पुढं मी चालवली, आन् खाली आल्यावर चावी दिली न्हाय. डॉक्टर म्हणला, मानेत शीर दबलीया, लई दिस झालं, हात पयल्यासारखा हुणार न्हाय. जीप इकली. अक्का लई बोलली. म्हणली, तुला ह्याच्यासाठी जेवाय घातलं व्हय, माझ्या मालकाच्या हातातनं गाडी काढून घेतलीस. दोन वर्सं भाऊबीजेला बोलावलं न्हाय तिनं. मला लई लागलं ते. पर तिचं तरी काय चुकलं, घर त्या जीपवरच चालायचं.

आता दाजी रोज दुपारी माझ्या गॅरेजात येऊन बसत्यात. परवा पॉवर स्टेरिंगची गाडी आलती. म्हटलं, दाजी, बसा आत. मी इंजिन चालू करून दिलं. त्यांनी त्या डाव्या हातानं स्टेरिंग ह्या टोकापासनं त्या टोकापातूर फिरवलं, दोनदा. उतरले आन् म्हणले, हलकं हाय रं. मग बाकड्यावर बसत म्हणले, त्या दिशी चावी दिली न्हाईस, बरं केलंस. अक्काला सांगू नगंस मी असं म्हणलो म्हणून.

न्हाय सांगितलं. अक्का आता बोलावती, ओवाळती, पोटभर वाढती, पर ती गोष्ट काढत न्हाय, मीबी काढत न्हाय. तिचं कुकू शाबूत हाय, मला तेवढं बास.