गौरवीच्या तोंडावरचा दिवा

आदरणीय अध्यक्षा सेजलताई, व्यासपीठावर बसलेले गौरवीचे होणारे सासरे विठूबाब, संस्थेतली संशोधक मंडळी आणि डिचोलीहून गाडी करून आलेल्या माझ्या शेजाऱ्यांनो, सगळ्यांना नमस्कार.

गौरवी माझी पुतणी. लग्न ठरले, म्हणून आज ती ही प्रयोगशाळा सोडते आहे. आनंदाने सोडते, असे मी इथे सांगावे, हे येताना गाडीतच ठरले. ठरले ते ठरले.

तिचे काम मी विचारून विचारून समजून घेतले. काचेच्या बशीत जिवंत पेशी वाढवायच्या आणि दिवसचे दिवस सूक्ष्मदर्शकाखाली त्यांची चित्रे घ्यायची. त्यांना अंगाइतकी ऊब लागते, ओलावा लागतो. बाळंतिणीसारखे जपायचे. पण त्यांना सगळ्यात जास्त त्रास कशाचा, सांगा पाहू? आपण बघतो त्याचा. बघायला उजेड लागतो आणि तोच त्यांना भाजतो. म्हणून ती अंधुक उजेडात, थांबून थांबून बघते.

गेल्या चवथीला आमच्याकडे गणपतीवर टांगलेली फळापानांची माटोळी बघायला पाहुणे जमले होते. विठूबाबही होते. कौतुकाने म्हणाले, सुनेचे काम आम्हालाही दाखवा. गौरवीने घरूनच फोनवर इथला सूक्ष्मदर्शक जोडला.

"काळोखच दिसता गो. उजेड वाढव जरा," विठूबाब म्हणाले.

पाहुण्यांना नाही कसे म्हणायचे? तिने वाढवला. मागे उभ्या असलेल्यांसाठी आणखी वाढवला. आरतीपर्यंत पेशी आखडून गोल झाल्या. मंडळींना वाटले, काहीतरी छान घडते आहे. टाळ्या पडल्या.

मी हळूच विचारले, मेल्या का गो?

"काका, आता अंधार दिला तर काही सावरतील," ती म्हणाली. "पण सगळे बघतायत ना." आणि पाहुण्यांकडे बघून हसली.

मघाशी शाल घेताना ती तशीच हसली. नारळ घेतानाही.

विठूबाब मनाचे मोठे. त्यांच्या घरात तिला ऊब मिळेल, ओलावा मिळेल, यात मला शंका नाही. सगळे तिच्याकडे बघतीलही.

शंभू, तुझे चित्रीकरण सुरेख होईल बाबा, पण तिच्या तोंडावरचा तो मोठा दिवा तेवढा बंद कर. आणि मंडळी, घटकाभर माझ्याकडे बघा. मी म्हातारा, मला चालते.

हां. आता ती हसत नाही. असू दे.

एवढे ऐकून घेतलेत, उपकार आहेत. गाडीत ठरलेले वाक्य काही माझ्या तोंडून निघाले नाही. विठूबाब, तेवढे पोटात घाला.