बोझेनाचं काम विचारा मला

...आणि वर ती मला विचारते, "तुमचं काम कितपत अवघड आहे?" आता तुम्हीच सांगा, हा काय प्रश्न झाला? समोर खुर्चीवर बसवून, सरळ तोंडावर! आमच्या यॉर्कशरमध्ये माणसाला असं विचारत नाहीत हो. त्याच्या पाठीमागे त्याच्या कामाबद्दल वाट्टेल ते बोला, कुणी काही म्हणत नाही. पण तोंडावर विचारल्यावर माणसानं काय सांगायचं? मी आपली म्हणाले, "नाही हो, काही विशेष नाही." झालं! एवढ्यावर एकतीस बायकांचं वाटोळं व्हायची वेळ आली होती, आणि त्या एकतिसांत मी स्वतः एक.

थांबा, जरा नीट सांगते. मी लिनेट. बेक लेनच्या शाळेत स्वयंपाक करते, एकोणीस वर्षं झाली. दोनशे चाळीस पोरं रोज जेवतात. स्वयंपाकाला मी आणि बोझेना, वाढायच्या वेळेला अजून दोघी येतात. पूर्वी आम्ही नगरपालिकेच्या होतो. मग कुणाच्या तरी डोक्यात आलं की शाळांची स्वयंपाकघरं कंपनीला दिली की स्वस्त पडतात. दिली! अकरा वर्षांत तीन कंपन्या झाल्या. पहिलीचा एप्रन हिरवा, दुसरीचा किरमिजी, तिसरीचा मोहरीच्या रंगाचा, डाग दिसू नयेत म्हणून... आता मोहरीच्या एप्रनवर फक्त मोहरीचा डाग दिसत नाही, बाकी सगळे दिसतात, पण हे कंपनीतल्या साहेबाला कोण सांगणार? प्रत्येक कंपनीचा साहेब पहिल्या दिवशी डोनटचा खोका घेऊन यायचा आणि म्हणायचा, आता आपण सगळे एक कुटुंब. पहिल्यानं असं म्हणून कुटुंबातली एक बाई कमी केली. दुसऱ्यानं आमचा अर्धा तास कापला. तिसऱ्यानं पळी बदलली. खरं सांगते, वाढायची पळीच लहान आणली! पोरं ताटाकडे बघायची, मग माझ्याकडे बघायची, जणू मीच खाल्लं.

पण तेही मी सोडून देईन. जे सोडवत नाही ते वेगळंच. आम्ही जुन्या, त्यामुळे आमचे हक्क जुन्या करारात जपलेले होते. आजारी पडलं तर पगार चालू. जी बाई नंतर आली तिला पहिले तीन दिवस बिनपगारी. बोझेना नंतर आली. नंतर म्हणजे कधी? नऊ वर्षांपूर्वी! आता ते आमचं मोठं पातेलं बघा, त्याचा एक कान माझ्या हातात, एक तिच्या. माझ्या बाजूला ताप आला तर पगार, तिच्या बाजूला ताप आला तर घरी बसा नि हवा खा. म्हणून ती ताप घेऊन यायची. एकदा पायाचं बोट मोडलं होतं तर माझ्या नवऱ्याचा, क्लिफचा बूट घालून आली, कारण तिच्या बुटात ते सुजलेलं बोट मावत नव्हतं. दिवसभर त्या बुटात फट्‌फट् करत कस्टर्ड वाढलं तिनं.

तर या वसंतात पत्र आलं, नगरपालिका आम्हाला परत घेतेय. अहो, मी कस्टर्ड ढवळत होते, ते पत्र वाचता वाचता खाली लागलं. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा! दोनशे चाळीस पोरांनी त्या दिवशी करपलेलं कस्टर्ड खाल्लं आणि मला जराही वाईट वाटलं नाही.

पण नगरपालिका म्हणजे नगरपालिका. परत घ्यायचं तर आधी मोजमाप! प्रत्येक कामाला गुण द्यायचे, गुणांवरून श्रेणी, श्रेणीवरून पगार; श्रेणीचा आकडा मोठा तितका पगार मोठा. मेहनतीला गुण, धोक्याला गुण, जबाबदारीला गुण. बारा शाळांमधून एकतीस बायका, सगळ्यांना कोण विचारत बसणार? एकीनं सगळ्यांच्या वतीनं सांगायचं, आणि जे ती सांगेल ते सगळ्यांना लागू. कुणाला पाठवायचं? सगळ्या एकसुरात म्हणाल्या, लिनला पाठवा! का? तर लिनची कुरकुर बारा शाळांत प्रसिद्ध. खरंच आहे ते. मी सकाळी साडेसातला सुरू होते, भट्टीवरून पाठीवर, पाठीवरून हेडमास्तरांवर, हेडमास्तरांवरून लंडनवर. दुपारी घरी जाऊन क्लिफला परत पहिल्यापासून.

आणि जिथं बोलायचं होतं तिथं काय केलं मी?

ती विचारायला आलेली नगरपालिकेची मुलगी, फिलिपा. सव्वीसेक वर्षांची, गोड हो अगदी, समोर तो टॅब. म्हणाली, शारीरिक श्रम पडतात का? आता माझी पाठ त्या क्षणाला ठणकत होती, पण तोंड काय म्हणतं? "नाही हो, काही विशेष नाही." धोका? हा बघा, हा माझा हात, हा मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचा डाग. मी तो टेबलाखाली घेतला! म्हटलं, काही विशेष नाही, जरा गरम असतं. मनावर ताण? म्हटलं, पोरं छान आहेत. आणि जबाबदारी? तर मी काय म्हणावं... "आम्ही आपलं जेवण वाढतो." बारा मिनिटांत मुलाखत संपली. मीच तिला विचारलं, तुम्ही दमलात का, चहा घेता का!

घरी आले. आमचा क्लिफ सोफ्यावर. तो नगरपालिकेच्या कचऱ्याच्या गाडीवर आहे. त्यांची फेरी लवकर संपली की घरी जायचं, पगार पूर्ण दिवसाचा, ही त्यांची जुनी रीत, त्यामुळे दुपारी एकला हा आडवा. त्याचं मोजमाप मागच्या वर्षीच झालं होतं. किती वेळ बोलला असेल? पावणेदोन तास! बर्फ सांगितला, सुया सांगितल्या, कुत्री सांगितली. कुत्र्यांचे वेगळे गुण मिळाले त्याला. एका सीगल पक्ष्यानं याच्या हातातलं सँडविच पळवलं होतं, त्या सीगलशी झालेली झटापट यानं अशी सांगितली म्हणे की विचारणाऱ्यानं पाणी मागवलं. पाचवी श्रेणी मिळाली. तर हा मला विचारतो, तू काय सांगितलंस? मी म्हटलं, मी म्हटलं काही विशेष नाही. त्यानं चहाचा मग खाली ठेवला. म्हणाला, "लिन, मला त्या भट्टीच्या दाराचा आजार तोंडपाठ आहे. मी भट्टी कधी पाहिलेली नाही. आणि जिला सांगायचं तिला तू चहा विचारलास?"

पंधरा दिवसांनी गुण आले. श्रम, नगण्य. धोका, नगण्य. जबाबदारी, मर्यादित. तिसरी श्रेणी. म्हणजे हातात पडणार ते मोहरीवाल्या कंपनीपेक्षाही कमी! कचरा उचलणाऱ्याला पाचवी आणि अन्न शिजवणारीला तिसरी, तेही एकाच घरात, एकाच सोफ्यावर. सही करून पाठवा, हरकत असेल तर दहा दिवसांत कळवा.

तो कागद बोझेनानं वाचला. घडी केली. परत साच्यांना लोणी लावायला लागली. आता बोझेना पोलंडची, तिकडे ही आपली 'काही विशेष नाही'ची भानगड नसते. काम जड असेल तर जड म्हणतात, पोर कुरूप असेल तर कुरूप म्हणतात. चाळीस मिनिटांनी ती म्हणाली, "तुझ्या कामाला तू काहीही म्हण, लिन. पण माझ्या कामाला 'काही विशेष नाही' म्हणायला तुला कुणी सांगितलं?"

आणि मग म्हणाली की तिसरी श्रेणी राहिली तर तिला परवडणार नाही, सप्टेंबरपासून ती हमरस्त्यावरच्या गोदामात जाणार. खोके उचलायला. गोदामाच्या पाळ्या म्हणजे घरी तिच्या लेकीचंही वेळापत्रक बदलणार.

मला लाज वाटली. खरंच सांगते, कानापर्यंत तापले मी. मला वाटत होतं मी सभ्यपणा करतेय. स्वतःबद्दल काय मिरवायचं, असं आमच्या आईनं शिकवलेलं. पण मी स्वतःबद्दल बोलतच नव्हते ना! तीस बायका माझ्या जिभेवर बसल्या होत्या आणि मी जीभ आवरून बसले.

हरकत घेतली. फिलिपा परत आली, या वेळेला स्वयंपाकघरातच, पोरं जेवून गेल्यावर. बोझेना माझ्या शेजारी. फिलिपानं तोच प्रश्न विचारला, तुमचं काम कितपत अवघड आहे? आणि काय सांगू, परत तेच, परत ओठावर तेच यायला लागलं! सवय हो, मेली सवय! तेवढ्यात मला सुचलं. मी म्हटलं, माझं राहू द्या, मी तुम्हाला हिचं सांगते.

आणि मग मी सुटले! म्हटलं, ही साडेसातला येते, वीस किलोची बटाट्याची गोणी एकटी ओढत आणते, ती भट्टी पेटवते जिचं दार कंपनीनं सहा वर्षं दुरुस्त केलं नाही म्हणून गुडघ्यानं दाबून धरावं लागतं, हिच्या गुडघ्यावर त्या दाराचा छाप आहे, दाखव गं बोझेना, आणि एकीकडे मांस भाजायचं, एकीकडे ग्रेव्ही, आणि सतरा पोरांना सतरा गोष्टी चालत नाहीत, अंडं, दूध, तीळ, एकाला तर वाटाणा, ते सगळं हिच्या डोक्यात, कारण भिंतीवरचा तक्ता वाफेनं कधीच वाचता येत नाही, आणि मार्चमध्ये अंड्याची ॲलर्जी असलेल्या एका पोरीनं मैत्रिणीचं पुडिंग ओढून घेतलं, अंड्याचं, चमचा तोंडाशी गेला होता, ही काउंटरवरून अर्धी पलीकडे जाऊन तो चमचा तिच्या ओठांवरून काढून घेते, आणि पोरीनं घाबरू नये म्हणून वर म्हणते, छे, मला फार भूक लागलीय, आणि स्वतः खाऊन टाकते. तुमच्या फॉर्ममध्ये याला कुठला रकाना आहे? आणि अजून एक. कुठल्या पोराला घरी संध्याकाळी धड जेवण मिळत नाही हे हिला न सांगता कळतं. त्याला ही दुसरी पळी वाढते. आणि त्याला चार पोरांत लाज वाटू नये म्हणून त्याच्यावर डाफरते, घे मेल्या, नाहीतर मला फेकून द्यावं लागेल!

फिलिपा केव्हाची टाइप करायची थांबली होती. बोझेना खाली बघत होती. मग फिलिपानं हळूच विचारलं, "आणि तुम्ही, लिनेट? तुम्हीही हेच करता?"

अरे देवा. आता आली का पंचाईत? हो म्हणायचं म्हणजे... सगळंच की! बटाटे, गुडघा, चमचा, सगळं माझ्याबद्दल हो! मी भट्टीकडे पाहिलं, छताकडे पाहिलं, "नाही हो" एवढं निघालंसुद्धा... आणि बोझेनानं माझ्या पायावर पाय दिला. अख्खा. अंगाचं सगळं वजन टाकून.

मी म्हटलं, "हो. हेच."

दोन शब्द. पण काय सांगू तुम्हाला, एवढी दमले की बटाट्याच्या दहा गोण्या परवडल्या असत्या. नंतर मी धान्याच्या खोलीत जाऊन दोन मिनिटं पिठाच्या डब्यावर बसून होते.

मिळाली. पाचवी! एकतीसच्या एकतीस जणींना. आजारपणाचा पगार पहिल्या दिवसापासून, जुनी असो नाहीतर नवी. क्लिफला सांगितलं तर त्यानं चहा पूर्ण संपवला, मग म्हणाला, बरं झालं, आणि मग म्हणाला, पण तुझ्याकडे कुत्री नाहीत. चिवट हो! मी म्हटलं, माझ्याकडे चौथीचा वर्ग आहे.

आणि ऑक्टोबरमध्ये एका सकाळी सात वाजता फोन. बोझेना. नाक बंद, आवाज घोगरा. म्हणाली, "लिन, मला ताप आहे. मी येत नाही." फोन ठेवला नि मी स्वयंपाकघरात उभी राहून रडले. कुणाला ताप आल्याचा एवढा आनंद मला जन्मात झाला नव्हता! घरी झोपलीय, पांघरूण घेऊन, पगार चालू! मी सकाळभर गात होते. वाढायला आलेल्या दोघींना वाटलं, हिलाही ताप चढला.

तर असं सगळं छान झालं, आता शांतपणे बसावं की नाही? नाही! युनियनवाले म्हणाले, लिन, तुला आता यातलं कळतं, तू समितीत ये. म्हणून आज इथं, मोजमापाच्या मुलाखतींना. आज कुणाची पाळी? शाळेसमोर तो गोल पाटीचा दांडा घेऊन पोरांना रस्ता ओलांडून देतात ना, त्यांची. त्या सगळ्यांच्या वतीनं आलेत आमचे मिस्टर अकरॉइड, वय अठ्ठ्याहत्तर. मंगळवारी एका व्हॅनच्या आरशानं त्यांच्या कोटाची बाही फाडली, अर्ध्या शाळेनं पाहिलं, आणि आज ते तोच कोट शिवून घालून आलेत. फिलिपानं विचारलं, कामात काही धोका? तर म्हातारा आपल्या बुटांकडे बघत म्हणतो, "छे गं पोरी, नुसता दांडा धरून उभा असतो मी."

फिलिपानं माझ्याकडे पाहिलं. मी फिलिपाकडे. मी म्हटलं, मिस्टर अकरॉइड, ते जाऊ द्या. पुढच्या चौकात मिसेस सटक्लिफ उभ्या असतात ना? त्या कसं करतात?

याला झाला सव्वा तास. फिलिपाची बॅटरी संपली, चार्जर लावलाय, माझा हा तिसरा चहा... चला, मी आत जाते, म्हाताऱ्याच्या सांगण्यात मिसेस सटक्लिफ अजून फुटपाथवरून उतरलेल्या नाहीत.